कोसबाडची टेकडी आणि कॉलेजातला विद्यार्थी

वाचकहो, डहाणू-घोलवडकडच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून समुद्राकडे पाठ केली आणि पूर्वेची वाट धरली, की थोड्याच वेळात कोसबाडची टेकडी लागते. टेकडी काही मोठी नाही. पण आपल्या देशातल्या बालशिक्षणाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला ती चढल्यावाचून पुढे जाता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची ती कर्मभूमी. ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असेल.

आज मात्र मी या टेकडीचा संबंध कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याशी लावणार आहे. तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशयांची गाडी रुळावरून घसरली. कुठे चार वर्षांचं शेंबडं पोर आणि कुठे अठरा-वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला विद्यार्थी! पण थोडा धीर धरा. मला जे सांगायचं आहे ते मी पुस्तकातून शिकलो नाही. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत चुकलो, तेव्हा शिकलो. ती हकिकत पुढे येईलच. आधी इतिहास पाहू.

साल १९४५. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात वारली माणूस अजून वेठीला जुंपलेला होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवराबायकोनं त्याच्याच दारी राबायचं, अशी रीत होती. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. आज जो तलासरी तालुका आहे त्यातल्या झरी गावी त्या वर्षी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी ती सारी हकिकत लिहून ठेवली आहे.

नेमक्या त्याच वर्षी, तिथून जवळच समुद्रकाठच्या बोर्डी गावात, दुसरं एक काम सुरू झालं. त्यात घोषणा नव्हत्या, मोर्चे नव्हते. ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्या वेळी त्यांचं वय त्रेपन्न. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलेलं होतं. १९२६ साली निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघात त्यांचा मोठा वाटा होता. मादाम मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी नीट अभ्यासलेली होती. शहरात राहून मान मिळाला असता. पण शहरातल्या चार घरांतली मुलं शिकली म्हणजे देश शिकला असं होत नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्या खेड्यात आल्या. त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ, वय वर्षं पस्तीस.

आता या दोघींपुढे पहिली अडचण कोणती आली असेल? शाळा उघडली, पण मुलं येईनात! गरिबांच्या वस्तीतली मुलं तर मुळीच येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? "या लोकांना शिक्षणाची गोडी नाही, पोरं उनाड, आईबाप अडाणी." असं म्हटलं की आपली जबाबदारी संपली. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण केली की काम झालं.

ताराबाईंनी तसं केलं नाही. मूल येत नाही, तर का येत नाही, हे त्यांनी जाऊन पाहिलं. पाहिलं तेव्हा कारणं दिसली. मोठ्या इमारतीत पाऊल टाकायला मूल बिचकतं. मग त्यांनी शाळाच वस्तीत नेली. तिथल्या अंगणात, झाडाखाली मुलं गोळा करायची, त्यांची आंघोळ-वेणीफणी करायची, गाणी म्हणायची, खेळायचं. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याचं मूळ या अंगणात सापडतं.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथे सभोवती वारल्यांचे पाडे. इथली अडचण आणखी निराळी. मूल सकाळी गुरं घेऊन रानात जातं, मग शाळेत येणार कसं? बाईंनी गुरं सोडायला सांगितलं नाही. शिक्षकच कुरणावर गेले. गुरं चरताहेत आणि तिथेच दगड, बिया, शंख-शिंपले, काड्या घेऊन मुलं मोजायला शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. थोरली मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. मग धाकट्यासाठी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी असं नाव दिलं. दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग काढले.

मॉन्टेसरीची महागडी साधनं इथे परवडणारी नव्हती, म्हणून रानात जे मिळेल त्याची साधनं झाली, हे सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते, की या दोघींनी मुलाच्या गैरहजेरीला गुन्हा मानलं नाही. मूल येत नाही म्हणजे काहीतरी सांगत आहे, असं त्यांनी धरलं आणि ते काय सांगतं ते ऐकायला त्या स्वतः गेल्या.

अनुताईंचं स्वतःचं आयुष्यही इथे आठवण्यासारखं आहे. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं पुढे काय होई, हे मी सांगायला नको. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत बसून १९३७ साली मॅट्रिक झाल्या आणि कोसबाडचं काम चालू असताना १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. झाल्या. म्हणजे बघा, कोसबाडच्या टेकडीवर एक विद्यापीठाची विद्यार्थिनीही होती! दुःख गिळून शिकणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतरही जवळजवळ दोन दशकं, १९९२ साली स्वतः जाईपर्यंत, अनुताईंनी हे काम पुढे चालवलं.

आता माझी हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, कॉलेजचंही सांगत नाही. घरातला पहिला कॉलेजात आलेला. राहायला वसतिगृहात. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जायचे, घराला कुलूप. पहिले दोन महिने तो पहिल्या बाकावर बसे. मग मधल्या बाकावर गेला, मग शेवटच्या, आणि मग दिसेनासा झाला. मी काय केलं? हजेरी कमी असल्याच्या नोटिशीवर सही केली. तीस-चाळीस नावं होती, त्यांत त्याचंही. एकदा कॉरिडॉरमध्ये दिसला, तेव्हा मी म्हटलं, "काय रे, शिकायचं नाही का?" तो हसला आणि खाली मान घालून निघून गेला.

परीक्षेला तो बसला नाही. पुढे त्याचा एक सोबती माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तो तीन-तीन रात्री झोपायचा नाही. जेवायचा नाही. पोट दुखतं म्हणायचा." पोट दुखतं म्हणून तो दोनदा दवाखान्यातही गेला होता. गोळ्या घेऊन परत आला होता.

मी एका रविवारी त्याच्या पाड्यावर गेलो. कुडाचं घर, सारवलेली ओटी. त्याची आजी म्हणाली, "बसा गुरुजी." आम्ही बराच वेळ नुसते बसलो. मग हळूहळू तो बोलू लागला. वर्गात इंग्रजीतून चाललेलं कळत नव्हतं आणि कळत नाही हे म्हणायची लाज वाटत होती. घरी वारली बोलायची, शाळा मराठीत आणि कॉलेज इंग्रजीत. खोलीतली मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करीत. घरी सांगावं तर बाप म्हणेल, "मग परत ये भट्टीवर." त्याच्या छातीत सारखी धडधड होई. आणि पोट दुखे हेही खोटं नव्हतं. मनाचं दुखणं पुष्कळदा पोटात, डोक्यात, छातीतच उतरतं. 'मला फार उदास वाटतं' हे वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, मग ते त्यानं म्हणावं कसं?

निघताना मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही नोटीस लावली होती ना, सर."

वाचकहो, त्या दिवशी परत येताना कोसबाडची आठवण झाली आणि मान खाली गेली. मूल शाळेत येत नाही म्हणून ताराबाई कुरणावर गेल्या. माझा विद्यार्थी येत नव्हता, तर मी फळ्यावर कागद चिकटवला.

तो मुलगा बरा झाला. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही महिने औषध चाललं, बोलणं चाललं. घरच्यांनी भगतालाही दाखवलं. मी अडवलं नाही. एवढंच म्हटलं, "भगताकडे जा, पण डॉक्टरांची गोळी चुकवू नका." एक वर्ष गेलं, पण तो पुन्हा आला आणि पदवी घेऊन गेला. सगळ्यांचंच असं होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ सालचे आकडे पाहा. त्या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. एकाच कारणानं कुणी या टोकाला जात नाही. कर्ज, अपमान, एकटेपणा, आजार, परीक्षा अशी कितीतरी ओझी एकावर एक चढतात. पण यांतल्या पुष्कळांना वेळेवर मदत मिळाली असती तर ते वाचले असते, याविषयी जाणत्यांत दुमत नाही.

मग या बाबतीत आजवर काहीच झालं नाही का? झालं आहे. तोही इतिहास थोडक्यात पाहू.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० साली विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी वेगळी सोय झाली. तिथून या कामाची सुरुवात झाली असं मानतात. आपल्याकडे ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचं. पण तिथे जायचं म्हणजे 'वेड लागलं' असा शिक्का बसायचा. शिकणाऱ्या मुलाची साधी उदासी किंवा धास्ती घेऊन तिथे कोण जाणार? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं विद्यालय निघालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. त्या संस्थेनं १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. मूल हट्टी का झालं, मुकं का झालं, अभ्यासात मागे का पडलं, हे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी मिळून पाहायचं, अशी त्याची रीत. म्हणजे बोर्डीचं काम सुरू होण्याआधी आठ वर्षं मुंबईत हा विचार रुजलेला होता.

पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं देशाच्या शिक्षणाचा विचार केला. कॉलेजात हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असं त्या आयोगानं सुचवलं. वाचकहो, या गोष्टीला साठ वर्षं होत आली. आपल्या ओळखीच्या किती कॉलेजांत असा माणूस आहे, याचा हिशेब तुम्हीच करा.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ सालापासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि मनाच्या गोष्टी साध्या मराठीतून लोकांपुढे आणल्या. टाटा संस्थेनं २०१२ साली फोनवरून समुपदेशन सुरू केलं. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. उपचार मिळणं हा त्यानं नागरिकाचा हक्क ठरवला. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता, तो तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला मदत द्यावी, असंही या कायद्यानं सांगितलं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही सरकारी फोनसेवा सुरू झाली.

अगदी अलीकडे, २०२५ सालच्या मार्च महिन्यात, सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करण्यासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयानं असा आदेश दिला, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं निदान एक शिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा. म्हणजे कोठारी आयोगाची ती जुनी सूचना आता न्यायालयाच्या तोंडून अधिक जोरानं आली.

आदेश निघाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण इथे मला पुन्हा कोसबाड आठवतं. समुपदेशक नेमला, त्याला खोली दिली, दारावर पाटी लावली आणि तो वाट पाहत बसला, तर माझ्या त्या विद्यार्थ्यासारखा मुलगा त्या दारातून आत जाईल का? बोर्डीच्या शाळेतही पहिल्यांदा मुलं गेली नव्हतीच! जो सर्वांत बिचकलेला आहे, त्याला दार उघडं असूनही उघडं दिसत नाही. म्हणून कुणीतरी कुरणावर जायला हवं. वसतिगृहाच्या ओट्यावर, जेवणघरात, बसथांब्यावर, जिथे मूल असेल तिथे. आणि हे काम एकट्या समुपदेशकाचं नाही. ते शिक्षकाचं आहे, वसतिगृहाच्या गृहपालाचं आहे, सोबत्याचं आहे आणि घरच्यांचंही आहे.

आता तुम्ही विचाराल, की आम्ही काही डॉक्टर नाही, आम्ही करायचं काय? तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, बदल ओळखा. बोलकं पोर गप्प झालं, झोप उडाली किंवा दिवसभर लोळू लागलं, जेवण सुटलं, सारखं पोट-डोकं दुखू लागलं, सोबत्यांना टाळू लागलं, दारूकडे वळलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, आणि असं दोन आठवडे चाललं, तर 'नाटकं करतो' असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट, जाऊन विचारा, आणि विचारलं की ऐका. उपदेशाची घाई नको. "आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली शिकलो" हे पालुपद तर मुळीच नको. जीव द्यावासा वाटतो का, असं वाटलं तर सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारणारा कुणीतरी भेटला की उलट मन हलकं होतं.

तिसरी गोष्ट, अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि मदत गाठा. 'टेलिमानस'चा नंबर १४४१६. दिवसरात्र केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत. विद्यार्थ्यानंच करायला हवा असं नाही, शिक्षक किंवा आईबापही हा फोन करू शकतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. तुम्ही बरोबर गेलात तर फार बरं.

चौथी गोष्ट खास माझ्या व्यवसायबंधूंसाठी. हजेरीपटाचा उपयोग बदला. आम्ही आता आमच्या विभागात एक साधी रीत ठेवली आहे. लागोपाठ पाच दिवस जो विद्यार्थी आला नाही, त्याचं नाव नोटिशीवर जाण्याआधी आमच्यापैकी एकानं त्याला भेटायचं किंवा फोन करायचा. पहिलं वाक्य "का आला नाहीस?" असं नाही. पहिलं वाक्य "बरा आहेस ना?" असं. याला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. वेळ लागतो, हे खरं. पण तो वेळ मी त्या नोटिशींवर सह्या करण्यात घालवीतच होतो.

वाचकहो, पालघर जिल्हा २०१४ साली नवा झाला. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची, जव्हार-मोखाड्याची, तशीच तुमच्या-माझ्या गावची मुलं आज कॉलेजच्या पायऱ्या चढताहेत. त्यांच्या आजोबांनी वेठ झुगारली, त्यांच्या आईबापांतले कितीतरी जण अंगणवाडीत अक्षरं शिकले. दोन पिढ्यांनी एवढी वाट चालून हे पोर आपल्या दारापर्यंत आणून सोडलं आहे. ते शेवटच्या बाकावर सरकू लागलं, तर उठून त्याच्यापर्यंत जायचं काम आता आपलं.

उद्या शाळा-कॉलेज भरेल तेव्हा आपल्या हजेरीपटावर एक नजर टाका. बरेच दिवस रिकामी असलेली एक जागा तुम्हाला दिसेल. त्या मुलाचं घर कुठे आहे, एवढं आधी विचारून घ्या.